खोटा बिबट्या कोण शिकवतो?

ओतूरच्या मळ्यांत बिबट्या आला की आधी फोन वाजतात, कुत्री नंतर भुंकतात. गावाचा एक ग्रुप, दूध डेअरीचा एक, भजनी मंडळाचा एक, दहावीच्या बॅचचा एक. एकच व्हिडिओ चारही ठिकाणी येऊन पडतो. गेल्या हिवाळ्यात असा एक व्हिडिओ फिरत होता. रात्रीची वेळ, घराचा ओटा, ओट्यावर तुळशीवृंदावन आणि त्याला अंग घासत उभा असलेला बिबट्या. खाली मजकूर : 'ओतूर, आत्ताच. लहान मुलांना बाहेर सोडू नका.' तोच व्हिडिओ संगमनेरच्या पाहुण्यांकडे संगमनेरच्या नावानं पोचला होता. एका शाळकरी मुलीनं तो दोनदा पाहिला आणि खोटा ठरवला. बिबट्या वळला तेव्हा त्याच्या अंगावरचे ठिपके त्याच्याबरोबर वळले नव्हते, आणि घराला दार होतं पण उंबरा नव्हता.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'नवी विद्या, नवे गुरू' असा विषय सुचवला, तेव्हा मला हा बिबट्या आठवला. खोटा व्हिडिओ पसरवणाऱ्यांवर बरंच लिहून आलं आहे. तो करायला शिकवतो कोण, काय सांगून शिकवतो आणि शिकवण्यात गैर काय, याकडे फारसं कुणी वळलेलं नाही. म्हणून मी ओतूरला गेले. बाबाजी चैतन्यांची समाधी या गावात आहे. तुकोबांचे गुरू म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. कपर्दिकेश्वराला श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी बघायला गर्दी लोटते. गुरू हा शब्द इथं कुणी सहज वापरत नाही. रील शिकवणाऱ्याला 'सर' म्हणतात, तेवढं पुरे होतं.

ज्या गावात बिबट्या खरा आहे

खोट्या बिबट्याचं वजन कळायला खरा बिबट्या माहीत हवा. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. ओतूर हे त्यातलं एक वनपरिक्षेत्र. चिल्हेवाडी, पिंपळगाव जोगा, माणिकडोह, येडगाव अशा धरणांचं पाणी फिरलं, ऊस वाढला, आणि बिबट्याला बारमाही दडण मिळालं. उसात जन्मलेली पिल्लं उसालाच घर मानतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत या भागात माणसांवरचे हल्ले खूप वाढले होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासानं तेव्हा दाखवून दिलं की बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्यानं प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली : एक लहान मुलगी, एक वृद्धा, एक तेरा वर्षांचा मुलगा. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग मंचरला अडवला गेला, वनखात्याची गाडी पेटवली गेली. अखेर त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. लोक रात्री मोटर चालू करायला एकटे जाईनासे झाले. दिवसा वीज द्या, ही जुनी मागणी पुन्हा जोरात आली.

नेमक्या त्याच दिवसांत कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेले बिबटे फोनवर उतरले. पुण्यात औंधला खराखुरा बिबट्या दिसला आणि पाठोपाठ सोसायट्यांच्या पार्किंगमधले, लिफ्टसमोरचे, गच्चीवरचे खोटे बिबटे आले. असे फोटो पसरवाल तर कारवाई होईल, असं वनखात्याला बजावावं लागलं. त्याआधी ऑक्टोबरात लखनौमध्ये एका तरुणाला अशाच बनावट फोटोपायी अटक झाली होती.

हे त्याच हिवाळ्यात का झालं? कारण साधन तेव्हाच हातात आलं. गूगलचं फोटो बदलून देणारं 'नॅनो बनाना' ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, सप्टेंबरात घरोघरच्या मुलींनी त्यावर जुन्या सिनेमातल्या साड्या नेसून घेतल्या. ३० ऑक्टोबरला जिओ आणि गूगल यांनी पैसे भरून घ्यावी लागणारी जेमिनी सेवा दीड वर्ष फुकट देण्याचं जाहीर केलं, सुरुवात अठरा ते पंचवीस वयाच्या ग्राहकांपासून. नोव्हेंबरात ओतूरच्या मुलाच्या खिशात फुकट यंत्र होतं आणि तालुक्यात एकच विषय होता. तो बिबट्या करणार नाही तर काय करणार?

पेठेतला क्लास

पेठेत, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास आहे. एमएससीआयटी, टॅली, मराठी टायपिंग. त्याखाली अलीकडे रंगवलेली ओळ : 'रील एडिटिंग व एआय व्हिडिओ'. चालवणारे सर पस्तिशीचे, आधी लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये होते. बॅचमध्ये बारावी झालेली मुलं, दोन मुली, आणि वडिलांचा पिकअप चालवणारा एक तरुण. त्याला कांद्याच्या बाजारभावाचं चॅनल काढायचं आहे.

"बटण मी दाखवलं नाही तरी पोरं शोधतात, मॅडम," सर म्हणाले. "मग इथं माझ्यासमोर शिकली तर वाईट काय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तराआधी, पोरं स्वतः शोधतात म्हणजे काय करतात ते पाहायला हवं. पिकअपवाल्यानं त्याचा फोन पुढे केला. हिंदीतले दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ. सगळ्यांचा बाज एकच. सुरुवातीला, हे केवळ शैक्षणिक उद्देशानं आहे, असं दोन सेकंद दिसणारं निवेदन. मग एखाद्या नटीचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या अंगावर बसवून दाखवलेला, 'आधी' आणि 'नंतर'. मग कुठलं ॲप, कुठला फोटो निवडायचा, चेहरा समोरून हवा, उजेड सारखा हवा. खुणेची छापील पट्टी व्हिडिओवर येते ती कशी घालवायची, हा शेवटचा धडा. आणि पुढचं सगळं हवं असेल तर टेलिग्रामवर या, पैसे भरा.

शैक्षणिक उद्देशाचं ते निवेदन मी त्याला पुन्हा लावायला सांगितलं. ते दोन सेकंद होतं. खूण घालवण्याचा धडा दोन मिनिटांहून जास्त चालला. शिकवणीत काय महत्त्वाचं, हे शिष्याला वेगळं सांगावं लागत नाही. ज्याला वेळ दिला ते महत्त्वाचं. नटीची परवानगी घेतली होती का, हा विषय संपूर्ण व्हिडिओत कुठे आला नव्हता.

विद्या कशी चालते

या कलेचं 'डीपफेक' हे नाव २०१७ चं. तेव्हाची पद्धत कष्टाची होती. दोन माणसांचे हजारो फोटो लागत. यंत्राचा एक भाग चेहरा पिळून त्याचं सार काढायला शिके : मान किती वळली, ओठ किती उघडले, भुवई कुठे गेली. हा भाग दोघांनाही एकच. त्या सारातून पुन्हा चेहरा उभा करणारे भाग मात्र दोन, ज्याचा त्याचा वेगळा. शिकवून झालं की अदलाबदल करायची : पहिल्याच्या हालचालीचं सार दुसऱ्याच्या चेहरा उभारणाऱ्या भागाला द्यायचं. हालचाल पहिल्याची, चेहरा दुसऱ्याचा. त्यासाठी महागडं ग्राफिक कार्ड दिवसच्या दिवस चालवावं लागे. त्यामुळे शिकणाराही चिकाटीचा लागे.

नंतर चढ उतरत गेला. एकच फोटो पुरेल अशी साधनं आली. आवाजाची नक्कल काही सेकंदांच्या नमुन्यावर होऊ लागली. ओठ बोलण्याशी जुळवण्याची एक गाजलेली पद्धत, 'वाव्हटूलिप', २०२० मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीतून आली. तिच्यामागचा विचार फार चांगला होता : इंग्रजीतलं व्याख्यान भारतीय भाषांत नेलं तर बोलणाऱ्याचे ओठही त्या भाषेत हलावेत. ओतूरच्या मुलाला एखाद्या मोठ्या प्राध्यापकाचा धडा मराठीत ऐकू यावा, ओठांसकट. त्याच विद्येनं पुढे पुढाऱ्यांना न बोललेलं बोलायला लावलं.

आणि २०२५ पासून तर फोटोचीही गरज उरली नाही. 'रात्रीची वेळ, ओटा, तुळस, बिबट्या' एवढं लिहिलं की व्हिडिओ तयार. कष्टाचा उंबरा होता तेव्हा कष्टच थोडंफार राखण करायचे. आता ती राखण गेली, आणि शिकवणाऱ्यावरचा भार त्याच मापात वाढला. पूर्वी तो हत्यार चालवायला शिकवत होता. आता चालवणं आपोआप होतं, शिकवण्यासारखं उरतं ते फक्त कुणावर आणि कशासाठी.

दोन प्रकारचे गुरू

ही विद्या जगाला देणाऱ्यांनी तिच्या नीतीचा विचार केलाच नाही, असं नाही. 'फेसस्वॅप' नावाचा चेहरा बदलण्याचा खुला प्रकल्प आहे, कुणालाही फुकट मिळणारा. तो चालवणाऱ्यांनी आपल्या पहिल्याच पानावर भूमिका मांडली आहे. कुणाच्या संमतीवाचून, किंवा बदल लपवून, कुणाचा चेहरा बदलण्यासाठी हे नाही. अश्लील कामासाठी नाही. पण तंत्र झाकून ठेवलं तर ते फक्त वाईट हातांत राहील, सामान्य माणसाला त्याची ओळखही होणार नाही, म्हणून ते उघड शिकवायचं. हैदराबादच्या संशोधकांनीही आपलं साधन देताना अट सांगितली होती की यातून तयार होणारी गोष्ट कृत्रिम आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे.

दुसऱ्या बाजूला झाकून ठेवणारे. ओपनएआयनं २०२४ मध्ये पंधरा सेकंदांच्या नमुन्यावर आवाज उभा करणारं साधन दाखवलं आणि सर्वांना खुलं करणं टाळलं. मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी एका फोटोवरून बोलता चेहरा करणारं 'वासा' दाखवलं, तेही दिलं नाही. झाकलेल्या विद्येचं पुढं काय झालं? तशाच ताकदीची दुसरी साधनं इतरांनी बाजारात आणली. म्हणजे झाकण्यानं थोडा वेळ मिळतो, राखण होत नाही.

मग उघड शिकवणारे बरोबर ठरले का? अर्धे. त्यांचं पहिलं म्हणणं खरं आहे : ज्यानं एकदा स्वतः खोटा चेहरा केला, त्याला दुसऱ्याचा खोटेपणा लवकर दिसतो. तुळशीजवळचा बिबट्या ओळखणारी मुलगी मोठ्या भावाच्या फोनवर असले प्रयोग करून चुकली होती, म्हणूनच तिला ठिपके खटकले. पण पहिल्या पानावरची भूमिका आणि दहाव्या व्हिडिओतली शिकवणी यांच्यात अंतर पडतं. ओतूरच्या उपबाजारात कांद्याच्या पिशवीच्या तोंडाशी गोळा कांदा आणि खाली गोल्टी, बदला असा हलका माल भरला, तर व्यापारी पिशवी ओतून बघतो आणि दहा किलोचा भाव तळाच्या मालावर ठरवतो. शिकवणीचंही तसंच, तोंडाशी ठेवलेली नीती नव्हे, तळाशी काय शिकवलं ते मोजायचं. 'फेसस्वॅप'च्या पानावरची अट चांगली. लोक ज्या टेलिग्राम गटांतून शिकतात, तिथं ती पोचतेच असं नाही.

आणि काही वेळा गुरूही लागत नाही. जानेवारी २०२६ मध्ये एक्सवरच्या 'ग्रोक' या एआय चॅटबॉटला लोक उघडपणे, बायकांच्या फोटोंखालीच, त्यांचे कपडे बदलायला सांगत होते आणि तो बदलत होता. कुणी कोर्स घेतला नव्हता. एकाचं बघून दुसरा शिकला. केंद्र सरकारनं नोटीस दिली, जगभर ओरड झाली, मग ते आवरलं. चव्हाट्यावर केलेलं कृत्य हीच तिथं शिकवणी होती.

डीपीवरचं फूल

बॅचमधल्या दोन मुलींपैकी एकीच्या व्हॉट्सॲपवर मोगऱ्याचं फूल आहे, दुसरीच्या विठ्ठल. स्वतःचा फोटो कुणीच ठेवलेला नाही.

"फोटोचं काही झालं तर आधी आमचं कॉलेज बंद होईल," फूलवाली म्हणाली. "करणाऱ्याचं काय व्हायचं ते नंतर होईल."

दुसरी म्हणाली, "मामा म्हणतात, मोबाईलच कशाला पाहिजे?"

या विद्येचा इतिहास त्या दोघींच्या बाजूनं साक्ष देतो. डीपट्रेस या संस्थेनं २०१९ मध्ये इंटरनेटवरचे सुमारे साडेचौदा हजार डीपफेक व्हिडिओ मोजले होते. त्यातले ९६ टक्के संमतीवाचून केलेले अश्लील व्हिडिओ होते आणि त्यांतल्या बायका जवळपास सगळ्या खऱ्या, ओळखीच्या चेहऱ्यांच्या. पुढारी आणि निवडणुका ही नंतरची काळजी. सुरुवातीपासून या शिकवणीच्या सरावाला बायकांचे चेहरे वापरले गेले. सगळ्यात तपशीलवार धडे ज्या जागी मिळत, ती 'मिस्टर डीपफेक्स' नावाची अश्लील व्हिडिओंचीच साइट होती. मे २०२५ मध्ये ती बंद पडली. धडा आणि गुन्हा एकाच छपराखाली होते.

भारतात लोकांना पहिला मोठा धक्का बसला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये, रश्मिका मंदाना यांच्या व्हिडिओनं. दुसऱ्या एका तरुणीच्या व्हिडिओवर त्यांचा चेहरा बसवला होता. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्रातल्या एका शिकलेल्या तरुणाला पकडलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याचं अभिनेत्रीशी वैर नव्हतं. तो तिच्या नावानं चाहत्यांचं पान चालवत होता आणि त्याला फॉलोअर वाढवायचे होते. ओतूरच्या बॅचमधल्या मुलांनाही तेच हवं आहे. म्हणून या तरुणाची गोष्ट त्यांना राक्षसाची म्हणून सांगून उपयोग नाही. ती त्यांच्याच बाकावरची आहे.

काही शिकवण्या मात्र नीतीच्या चर्चेपलीकडे जातात. ब्रिटन सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेनं कशी करावीत हे सांगणारी माहितीपुस्तिका जवळ बाळगणं हाही गुन्हा धरला जाईल. चित्र केलं नाही, नुसते धडे ठेवले, तरी गुन्हा. ज्या धड्याचा दुसरा काही उपयोगच असू शकत नाही, तो धडा हे कृत्यच आहे. फोटोतले कपडे उतरवणाऱ्या ॲपचा धडा मला याच रांगेतला वाटतो. त्यात प्रौढ बाईचा फोटो आहे म्हणून तो निर्दोष होत नाही.

कोर्टाचा दरवाजा

आपल्याकडे कायदा शिकवणाऱ्यापर्यंत कुठवर पोचतो? दुसऱ्याची ओळख वापरून फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी आणि ६६ डी ही कलमं आहेत, खासगीपणाला हात घातला तर ६६ ई, अश्लील असेल तर ६७ आणि ६७ ए. समजून-उमजून गुन्ह्याला मदत करणाऱ्याला भारतीय न्याय संहिता वेगळी धरते. पण यातली बहुतेक कलमं कृत्य घडल्यानंतरची.

त्याच्या एक पायरी आधी मुंबई उच्च न्यायालय पोचलं. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात न्यायमूर्ती आर. आय. छागला यांनी अंतरिम आदेशात म्हटलं की, कुणाचाही आवाज एखाद्या नामवंताच्या आवाजात त्याच्या परवानगीवाचून बदलून देणारी साधनं उपलब्ध करून देणं हेच त्याच्या व्यक्तिमत्त्वावरच्या हक्काचं उल्लंघन आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यात न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी तीच वाट धरली. गाणं कुणी केलं याआधी, ते करण्याची सोय कुणी मांडली, असं कोर्टानं विचारलं. या विचाराला पुढे नेलं तर 'आशाताईंच्या आवाजात तुमचं गाणं, दहा मिनिटांत' असा धडा विकणाऱ्याला 'मी फक्त शिकवलं' म्हणून बाजूला होणं अवघड जाईल.

केंद्राचे नवे नियम २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाले. कृत्रिम मजकुरावर ठळक खूण हवी, तो कुठून आला याची नोंद त्याच्यातच हवी, सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश आल्यावर तीन तासांत तो काढला पाहिजे. हे ओझं साधनाच्या मालकावर आणि माध्यमांवर आहे. पेठेतल्या क्लासला यातलं काही थेट लागत नाही. पण खूण घालवण्याचा धडा शिकवणारा त्या नियमाच्याच मुळावर घाव घालतो, एवढं सरांना पटलं. "तो धडा मी शिकवत नाही," ते म्हणाले. मागच्या बाकावरचा एकजण गालात हसला. तो बहुधा फोनवर शिकून आला होता.

संमतीचा प्रश्न कायद्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, हे महाराष्ट्रानं एप्रिल २०२५ मध्ये नाशिकला पाहिलं. शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजात, कृत्रिम बुद्धिमत्तेनं उभं केलेलं भाषण ऐकवलं गेलं. फसवणूक म्हणावी तर लपवाछपवी नव्हती, सगळ्यांना माहीत होतं हा आवाज बनवलेला आहे. परवानगी म्हणावी तर पक्षाचा प्रमुख मुलगाच. तरी विरोधक चिडले, कारण गेलेल्या माणसाच्या तोंडी आजच्या राजकारणाची वाक्यं होती. माझ्या मते आवाज वारशानं मिळू शकतो, मत मिळत नाही. क्लासमध्ये हे उदाहरण काढलं तेव्हा अर्धी बॅच एका बाजूला, अर्धी दुसऱ्या बाजूला गेली, आणि तासभरात तेवढी चांगली चर्चा दुसऱ्या कशावर झाली नाही.

खऱ्याला खोटं म्हणायची सोय

वनखात्यात रात्रीची ड्यूटी करणाऱ्या एका वनरक्षकाला मी विचारलं, खोट्या व्हिडिओंनी नेमकं काय बिघडतं? मला वाटलं होतं तो म्हणेल, घबराट.

"घबराट हाय ती हायच, ताई," तो म्हणाला. "पण आता उलटंच व्हायला लागलंय. खरा वाघ दिसतो, पोरगं व्हिडिओ टाकतं, आन् लोक म्हणतात एआय हाय. बाया तशाच गवताला जातात."

इथली माणसं बिबट्याला वाघच म्हणतात. आणि वाघाच्या मुलखात बातमीवर विश्वास बसणं हे जगण्याचं साधन आहे. कुठल्या उसात पिल्लं आहेत, कुठल्या ओढ्यानं मादी येते, हे एकमेकांना सांगूनच लोक राहत आले. जुन्नर वनविभागात काही ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्तेचेच कॅमेरे बसवले आहेत. बिबट्या ओळखला की भोंगा वाजतो. एकच विद्या एका टोकाला खरा बिबट्या ओळखते आणि दुसऱ्या टोकाला खोटा तयार करते, आणि मधल्या माणसाला भोंगा ऐकून धावायचं की हसायचं हे ठरवावं लागतं.

फोन आला की जावंच लागतं, असं वनरक्षक म्हणतो. खोटा असला तरी जाऊनच कळतं. जाऊन तो मातीतले ठसे बघतो, घराचा ओटा व्हिडिओतल्या ओट्याशी ताडून बघतो, पहिल्यांदा व्हिडिओ कुणी टाकला ते विचारत मागे जातो. बहुतेक वेळा माग दुसऱ्या तालुक्यातल्या ग्रुपवर जाऊन विरतो. तोवर दुसऱ्या मळ्यात पिंजरा लावायचा राहिलेला असतो.

खऱ्याला खोटं म्हणायची सोय राजकारणालाही सापडली आहे. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२४ ला, बिटकॉइनच्या व्यवहारांसंबंधी आवाजाच्या फिती भाजपनं प्रसिद्ध केल्या. त्यांतला एक आवाज आपला म्हणून खपवला जातोय, त्या फिती बनावट आहेत, असं सांगून सुप्रिया सुळे यांनी तक्रार केली आणि तपासणाऱ्या पत्रकारांनाही त्या कृत्रिम असण्याची शक्यता जास्त दिसली. त्या वेळी नाकारणं योग्य होतं. उद्या एखादा पुढारी खरंच काही बोलेल आणि तसंच 'एआय आहे' म्हणेल, तेव्हा आपण काय करणार? खोटं करायला शिकवणारा प्रत्येक धडा, त्याच्या इच्छेविरुद्ध का होईना, हे निमित्तही शिकवत असतो.

पहिला धडा कुणाच्या चेहऱ्यावर

म्हणून 'माझ्यासमोर शिकली तर वाईट काय', या सरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : शिकवा, पण पहिला चेहरा कुणाचा घेता यावर तुमची नीती ठरते. शिकवणारा जे उदाहरण घेतो, त्याला शिष्य नमुना समजतो. नटीचा चेहरा घेतलात की समोरचा बटण शिकायच्या आधी हे शिकतो की, जो आवडतो त्याचा चेहरा आपला. मग पुढचे शंभर उपदेश वाया.

सरांनी या वर्षी सराव बदलला आहे. मी गेले तेव्हा तो नवाच होता. पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं स्वतःचाच चेहरा आणि स्वतःचाच आवाज घेऊन, आपण कधीच न बोललेलं वाक्य स्वतःच्या तोंडी घालायचं. व्हिडिओवर 'बनावट' अशी मोठी अक्षरं, पूर्ण वेळ. मग तो घरी एका माणसाला दाखवायचा आणि त्याचा चेहरा बघायचा. पिकअपवाल्यानं आपल्या तोंडी घातलं होतं, 'मी पिकअप विकतोय, पुण्याला चाललोय.' अक्षरं बघायच्या आधीच आईनं आवाज ऐकला. दोन दिवस ती त्याच्याशी नीट बोलली नाही. "खोटं हाय म्हणून सांगितलं तरी म्हणते, तुझ्या मनात असंल म्हणून तर केलंस," तो म्हणाला. बनावट अक्षरांनी सगळं भागत नाही, हे त्याला कुठल्या व्हिडिओनं शिकवलं नसतं.

दुसऱ्या आठवड्यात बॅचमधल्या दुसऱ्याचा चेहरा, पण आधी त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यायचं : कशासाठी, कुठे दाखवणार, कधी पुसणार. दोन्ही मुलींनी नाही म्हटलं. सरांनी कारण विचारलं नाही. बॅचला एवढंच सांगितलं की नाही म्हटलं की विषय संपतो, आज हाच धडा. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्यांचे खोटे व्हिडिओ आणून ते कुठे फसतात ते शोधायचं, आणि ज्यावर शंका आहे तो पुढे न पाठवता काय करायचं : फसवणूक असेल तर १९३० ला फोन, बिबट्या असेल तर आधी वनखात्याला.

चांगल्या वापराचीही उदाहरणं द्यायला हवीत, नाहीतर शिकवणी नुसती भीती पेरते. २०२० च्या 'वेलकम टू चेचन्या' या माहितीपटात जीव धोक्यात असलेल्या माणसांचे चेहरे लपवण्यासाठी हीच विद्या वापरली. स्वेच्छेनं पुढे आलेल्या दुसऱ्या माणसांनी त्यांना आपले चेहरे दिले. त्यामुळे बोलणाऱ्यांचं रडणं, थबकणं सगळं दिसलं, ओळख दिसली नाही. फूलवालीला हे फार आवडलं. आपल्याकडे एखादीला काही सांगायचं असेल तर असं सांगता येईल, असं ती म्हणाली.

हा सगळा खटाटोप पेठेतल्या एका क्लासचा आहे, हे मला माहीत आहे. आळेफाट्याला, नारायणगावला, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाच्या खिशात, यापेक्षा झटपट शिकवणारे बसलेत. पिकअपवाल्यानं तोच मुद्दा काढला. "सर, बाकीचे एका दिवसात व्हायरल करून देतात. आपण दोन आठवडे परवानगीच शिकतोय."

"त्यांच्याकडे जा की," सर म्हणाले. "फी परत देतो. पण त्यांनी सरावाला कुणाचा फोटो घेतला ते आधी बघ. उद्या तुझ्या बहिणीचा घेतला तर चालेल का, ते विचारून ये."

तो गेला नाही. त्यानं बाजारभावाचं चॅनल सुरू केलं आहे. त्यात चेहरा त्याचा, आवाज त्याचा, आणि मागे दिसणारा लिलाव खरा. बघणारे अजून फार नाहीत. जे आहेत ते भाव विचारायला फोन करतात, आणि त्यानं सांगितलेल्या भावावर माल गाडीत भरतात.